नाना आणि राणी, एका पेटीत

नानाला टॉवेलमध्ये गुंडाळून मी कारखानिसांच्या दारात उभी राहिले, तेव्हा आतून कांदेपोह्यांचा वास येत होता.

"या, या! मुलाकडची मंडळी आली!" चित्राताई गुप्ते आतूनच ओरडल्या.

"मंडळी कुठली? मी एकटीच," मी म्हटलं. "वरमाय म्हणा, वरबाप म्हणा, सगळं मीच."

कारखानीस लगबगीने पुढे आले आणि टॉवेलात डोकावले. "मुलगा जरा सुस्त वाटतो हो."

"थंडीत कुडकुडत गाडीतून आलाय. तुम्ही तरी काय नाचत आला असता?"

नाना म्हणजे निळ्या जिभेचा सरडा. आपल्याकडे जिला सापसुरळी किंवा सापाची मावशी म्हणतात, तिचा ऑस्ट्रेलियातला धिप्पाड नातेवाईक. हातभर लांब, त्रिकोणी डोकं, एवढाल्या देहाला न शोभणारे इवलेसे पाय. घाबरला की तोंड वासून शाईत बुडवल्यासारखी जीभ बाहेर काढतो. माझी शेजारीण डोरीन वृद्धाश्रमात गेली तेव्हा तिने तो मला देऊन टाकला. घास चावताना डोळे मिटायची त्याची तऱ्हा थेट माझ्या नानामामांची होती, म्हणून तो नाना.

ही ॲडलेडमधली गोष्ट. पंधराएक वर्षं होऊन गेली असतील. मी तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचं रक्त बघायचं. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नोकरीसाठी पर्थला होता आणि मी दोन खोल्यांच्या भाड्याच्या युनिटमध्ये नानाबरोबर राहत होते. भालचंद्र कारखानीसही एकटेच. पत्नी गेलेल्या, मुलगी कॅनडात. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत ते मला म्हणाले, "आमची राणी काही खात नाही हो." मला वाटलं कुत्री असेल. निघाली निळ्या जिभेची सरडी. मी उकडलेलं अंडं आणि केळं सुचवलं, राणी जेवायला लागली, आणि मंडळाच्या अध्यक्षा चित्राताई गुप्ते यांना त्यात विधिलिखित दिसलं. लग्न जमवणं हा त्यांचा छंद होता. त्यापुढे वय, देश, जनावर काही आड येत नसे.

तर कारखानिसांनी मला मागणी घातली होती आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. जवळजवळ एवढ्यासाठी, की लग्न म्हणजे मी युनिट सोडून त्यांच्या मोठ्या घरात राहायला जाणं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. माझा भाडेकरार जूनमध्ये संपत होता. राहते की सोडते, ते तोवर घरमालकाला कळवायचं होतं.

"आधी या दोघांना एकत्र राहू दे," कारखानीस म्हणाले होते. "ते रुळले की मग आपण." बोलणं थट्टेचं होतं, पण सगळंच काही थट्टेचं नव्हतं.

म्हणून त्या ईस्टरच्या सुट्टीत हा बघण्याचा कार्यक्रम. चित्राताईंनी चक्क औक्षणाचं तबक तयार ठेवलं होतं. नानाच्या कपाळाला कुंकू लावायला निघाल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"अहो, बोट तोडेल."

"जावयाने एवढा तोरा दाखवायचाच," त्या म्हणाल्या. पण हात मागे घेतला.

कारखानिसांची काचेची पेटी ऐसपैस होती. एका टोकाला उबेचा दिवा, त्याखाली सपाट दगड, दुसऱ्या टोकाला लपायला नळीचा तुकडा. मी नानाला आत सोडलं. राणी नळीतून बाहेर आली. नानाने फुस्स केलं, जीभ दाखवली. राणीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. आम्ही तिघंही श्वास रोखून काचेला नाक लावून उभे. मग नाना हळूच दिव्याखालच्या दगडावर जाऊन पसरला आणि थोड्या वेळाने राणी गेली ती सरळ त्याच्या पाठीवर चढली, त्याच्या मानेवर हनुवटी टेकून तिने डोळे मिटले.

"अय्या!" चित्राताईंनी टाळ्या वाजवल्या. "लक्ष्मीनारायणाचा जोडा!"

कारखानिसांनी फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते मंडळातल्या सगळ्यांच्या मेलमध्ये पोचले होते. मी मात्र एक प्रश्न विचारलाच. "राणी नक्की मादीच आहे ना? यांच्यात नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही म्हणतात."

"वैजयंतीबाई," कारखानीस म्हणाले, "एकट्याला करमत नाही, एवढं खरं. मग तो नर असो की मादी."

त्यानंतर दर शनिवारी मी नानाला बघायला त्यांच्याकडे जायला लागले. म्हणजे, म्हणायला नानाला. कारखानीस माझ्यासाठी वालाचं बिरडं करायचे, वाल सोलायचेसुद्धा स्वतः. माणूस अगदी लाख मोलाचा. बोलायला लागले की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मी स्वयंपाकघरात गेले की ते स्वयंपाकघरात यायचे. मी मागच्या अंगणात गेले की खुर्ची घेऊन अंगणात. मी पुस्तक उघडलं की शेजारी बसून मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. "ऐका, ऐका, काय लिहिलंय बघा!" संध्याकाळी मी माझ्या युनिटवर परत आले, की दिवा न लावता बराच वेळ नुसती बसून राहत असे. दमले असेन, असं मला वाटायचं.

नानाचं मात्र मला काहीतरी खटकायला लागलं. मी जाईन तेव्हा तो नळीत असायचा नाहीतर राणीच्या पोटाखाली. ताटलीकडे फिरकताना दिसायचा नाही.

"खातो का हो तो?"

"ताटली रिकामी होते की रोज," कारखानीस म्हणाले. "आणि घरजावई म्हटल्यावर जरा दबूनच राहणार."

एका शनिवारी मी त्याला हातात घेतला आणि मला तो हलका वाटला. यांची चरबी शेपटीच्या मुळाशी साठते. तिथे नाना चांगलाच बारीक झाला होता. कारखानिसांना दाखवलं तर म्हणाले, "लग्न मानवलं नसेल. मलाही पहिल्या वर्षी असंच झालं होतं." मी हसले. पण माझी एक खोड आहे, एखादी गोष्ट कळली नाही की मला चैन पडत नाही. लॅबमध्ये सगळे निघून गेले तरी मी एका काचपट्टीवर अडून बसायची.

मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या नाटकाची तालीम होती. कारखानीस त्यात फौजदार होते आणि दिवसभर घरी नसणार होते. मी रजा टाकली, त्यांच्याकडून किल्ली घेतली, थर्मासमध्ये चहा भरला आणि पेटीसमोर स्टूल मांडून बसले.

दिवा लागला. आधी नाना बाहेर आला. दगडावर गेला, पोट टेकलं, पाय मागे सोडून दिले. बरं वाटलं मला. मग राणी आली. घाई नाही, फुस्स नाही. तिने आधी त्याच्या मानेवर हनुवटी ठेवली आणि मग सावकाश सगळं अंग वर घेतलं. फोटोतलंच दृश्य. पण मी पहिल्यांदा ते बाजूने, खाली वाकून बघत होते. सगळी ऊब राणीच्या पाठीवर पडत होती. नाना तिच्या सावलीत होता. थोड्या वेळाने तो खालून सरकत सरकत निघाला आणि पेटीच्या थंड टोकाला गेला. कोपऱ्यात काचेला नाक लावलं आणि पुढच्या पायाने काच खरवडायला लागला.

मी अंडं आणि किसलेला भोपळा ठेवला. राणी आली, शांतपणे जेवली, निम्मं मागाहून खायला ठेवून दगडावर जाऊन झोपली. आता येईल म्हणून मी नानाकडे बघत राहिले. नाही आला. ताटली उचलून त्याच्या तोंडाशी धरली, तर त्याने डोळे मिटले. उचलून तपासलं तेव्हा मागच्या पायाच्या एका बोटाचं टोक नव्हतं. जखम सुकून काळी पडली होती. आमच्यासमोर त्यांचं भांडण कधीच झालं नव्हतं.

मला वाटलं, दिवा एकच आहे म्हणून असेल. कारखानिसांचा टेबललॅम्प आणला, गरम होणारा जुना बल्ब होता त्यात. तो थंड टोकावर लावला, खाली एक फरशी ठेवली. आता दोघांना दोन जागा. नाना फरशीवर आला. पसरला. मी स्वतःवर खूश होऊन चहा ओतून घेतला.

चहा संपायच्या आत राणी उठली. आपला मोठा दिवा, आपला तापलेला दगड सोडून, अख्खी पेटी ओलांडून ती आली आणि नानाच्या मानेवर हनुवटी ठेवून वर चढली. मागे तिचा दगड रिकामा. मी नानाला काढून तिकडे ठेवलं. ती तिकडे आली. पुन्हा इकडे ठेवलं. पुन्हा इकडे. तिच्या डोळ्यांत राग वगैरे काही नव्हता. तो जिथे असेल तिथेच तिला बसायचं होतं, बस्स.

मी स्टुलावर बसले आणि मला एकदम रडू फुटलं. सरड्यासाठी एवढं कुणी रडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

कारखानीस आले ते नाटकातली मिशी न काढताच. "काय म्हणतंय जोडपं?"

"मी नानाला घरी नेतेय," मी म्हटलं. "त्याचं बोट गेलंय. तो उपाशी आहे."

त्यांनी नानाचा पाय बघितला. चेहरा पडला त्यांचा. "अरेरे. माझ्या लक्षात कसं नाही आलं? मी मोठी पेटी करतो. उद्याच प्लायवूड आणतो."

"पेटी कितीही मोठी केलीत तरी ती त्याच्यामागे येईल."

"मग मध्ये जाळी लावू. तुम्ही राहायला येईपर्यंत सगळं..."

"कारखानीस," मी म्हटलं, "मला एकटीला राहायला आवडतं."

हे वाक्य मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारत होते. माहेर भरलेलं, सासर त्याहून भरलेलं. मोरीचं दार लावून घेतलं तरच मी एकटी असायची, आणि तेव्हाही बाहेरून कुणीतरी विचारायचं, अजून किती वेळ? यजमान गेल्यावर भारतातून फोन येत, "एकटी कशी गं राहतेस?" मी आवाज खाली करून म्हणत असे, "राहायचं. काय करणार?" त्यांना तेच उत्तर हवं असायचं. खरं म्हणजे यजमानांची आठवण येऊन रडून झालं, की मी मजेत असे. असं कुठल्या बाईला सांगता येतं?

कारखानिसांनी मिशी काढली आणि हातात धरून उभे राहिले. "म्हणजे माझा त्रास होतो तुम्हाला."

"नाही हो. शुक्रवारपासून मी शनिवारची वाट बघते."

"मग?"

"आणि शनिवारी संध्याकाळी घरी जायची."

त्यांनी मिशी खिशात घातली. मग म्हणाले, "एका सरड्यावरून लग्न मोडताय तुम्ही."

"मोडत नाहीये. मला तुम्ही हवे आहात. मला फक्त..."

"पुरे," ते म्हणाले. त्यांनी टॉवेल आणला, नानाला नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि दार उघडून धरलं. "जपून चालवा."

पुढे फोन नाही. शनिवार आला आणि गेला. नाना माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी दिव्याखाली ताणून झोपला आणि केळ्यावर तुटून पडला. मी मात्र जेवता जेवता फोनकडे बघत असे. चित्राताईंचा आला.

"अगं, या वयात कुणी विचारतंय हे नशीब समज. माणसं ॲडजस्ट करतात. तू काय सरडा आहेस?"

"नाही."

"मग जा आणि सांग त्यांना, चुकले म्हणून."

मी गेले नाही. घरमालकाचा माणूस करार घेऊन आला, तेव्हा मी सही केली. युनिट माझं राहिलं, कारखानीस गेले, असं माझ्या मनाने धरलं. तो गेल्यावर मी हुंदके देऊन रडले. एकटं राहायला आवडणाऱ्या माणसालाही माणूस हवं असतं, हे मी आता कुणाला समजावून सांगणार होते?

जून संपत आला होता. एका दुपारी बेल वाजली. दारात कारखानीस, हातात डबा.

"बिरडं आहे," ते म्हणाले. "आत येऊ का? तुम्हाला चालत असेल तर."

ते बसले. नानाकडे बघितलं. "भरलाय."

"राणी कशी आहे?"

"तेच सांगायला आलो. मला वाटलं होतं, झुरेल. कुठलं काय! पेटीभर हिंडते. मी समोर बसलो की काचेपाशी येते. आधी येत नसे, दिवसभर त्याच्यावरच पहारा." मग डब्याचं झाकण उगाचच काढलं आणि लावलं. "वैजयंतीबाई, खोटं कशाला बोलू, मला एकट्याला जमत नाही. सगळ्या खोल्यांत दिवे लावून बसतो मी. तुम्ही आलात तर मला हवंच आहे. पण तुम्ही माझ्या घरात कोपऱ्याकडे तोंड करून बसलेल्या मला नाही बघवणार."

मी विचारलं, "मग काय करायचं?"

"लग्न करायचं," ते म्हणाले. "कोण कुठे राहतं, ते लोकांनी का ठरवायचं?"

मी चहा टाकायला उठले. ते उठले, दोन पावलं माझ्यामागे आले आणि थबकले. परत जाऊन बसले. स्वयंपाकघरातून मी बघितलं, त्यांनी टीपॉयवरचा पेपर उचलला, तोंड उघडलं, मिटलं आणि मनातल्या मनात वाचायला लागले. ओठ हलत होते. त्या क्षणी मला ते इतके आवडले की चहात साखर घातली की नाही, तेच आठवेना.

सप्टेंबरात आम्ही रजिस्टर लग्न केलं. मुलगा पर्थहून आला, साक्षीदार म्हणून त्यानेच सही केली आणि दुपारच्या विमानाने परत गेला. चित्राताईंचं समाधान एवढ्याने होणार नव्हतं. त्यांनी कारखानिसांच्या उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मी ते ओलांडलं, उखाणा घेतला, जेवणं झाली. मंडळी पांगली, तरी चित्राताई भांडी पुसण्याच्या निमित्ताने रेंगाळत होत्या. आम्ही दोन घरांत राहणार, ही त्यांना शेवटपर्यंत थट्टाच वाटत होती. ऊन उतरायला लागलं तशी मी पर्स उचलली.

"अगं, आता निघालीस कुठे?"

"घरी," मी म्हटलं.

त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "भालचंद्र, अहो, तुम्ही तरी सांगा हिला!"

कारखानीस माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. मी सीटचा पट्टा लावला तेव्हा खिडकीशी वाकले. अजून काहीतरी बोलायचं होतं त्यांना, ते मला दिसत होतं. थांब म्हणाले असते तर त्या दिवशी मी थांबले असते. मग रोजच थांबले असते.

"पोचलीस की फोन कर," ते म्हणाले.

मी चपला काढायच्या आधी फोन केला. पहिलीच रिंग वाजते तोच त्यांनी उचलला.

"पोचले," मी म्हटलं.

"बरं."

पलीकडे भांड्यांचा आवाजही नव्हता, म्हणजे चित्राताई गेल्या होत्या. मी वाट बघत राहिले. एरवी हा माणूस फोनवर तास तास सोडत नसे.

"आता ठेवतो मी," ते म्हणाले, आणि त्यांनी खरंच ठेवला.